दोन्ही बाजूंनी सुरत

दचकू नका. माळ्यावरून आवाज येतोय तो उंदराचा नाही, माझा आहे. वर पाहिलंत तर पत्र्याच्या पिंपामागे एक खाकी कोपरा बाहेर आलेला दिसेल. तीच मी, प्रवासाची बॅग. 'प्रवासाची' म्हणताना जरा लाजच वाटते, कारण माझा आयुष्यभराचा प्रवास म्हणजे सुरत ते साक्रीच्या पुढचं एक गाव, आणि परत. मला भरलं होतं मात्र वाळवंटासाठी, बर्फासाठी आणि धो धो पावसासाठी. एवढं सगळं पोटात घेऊन मी एका खळ्यात आठ दिवस बसले. कसं, ते सांगते. पण मोठ्याने 'अगंबाई' वगैरे म्हणू नका, मला दचकायला होतं.

माझा जन्म सुरतजवळच्या कडोदऱ्याचा. तिथे हायवेला लागून ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्यांची दुकानं आहेत. एका मोठ्या ताडपत्रीचा तुकडा उरला, त्यातून मला कापलं. माझ्या थोरल्या बहिणी ट्रकांवर पसरून थेट कलकत्त्यापर्यंत जाऊन येतात. मीही त्याच रक्ताची, म्हणजे त्याच कापडाची, त्यामुळे आपल्या नशिबी फिरणंच आहे असं मी जन्मापासून धरून चालले होते. चेन लावताना शिवणाऱ्याची सुई जोरात टोचली आणि मी पहिल्यांदा दचकले. ती सवय अजून गेलेली नाही. पुढे जिच्या हातात पडले तीही तशीच निघाली, म्हणून आमचं जमलं.

ती म्हणजे जयश्री. सुरतच्या बमरोलीतल्या चाळीत दोन खोल्या, मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांच्या कारखान्याचं शेड. तिचे वडील उखा त्याच शेडमध्ये माग चालवायचे. आई पुष्पाबाई घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची. मूळचे सगळे खानदेशचे, घरात बोली अहिराणी, 'आहे'ला 'शे' म्हणणारी. त्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मुलगी जयश्री, आणि कुकरच्या शिट्टीला दचकणारीही पहिलीच. शिट्टी झाली की ती दचके. पोस्टमनची घंटा वाजली की दचके. पालीचं तर नावच काढू नका. फक्त मागांचा खडखडाट रात्रंदिवस चालायचा त्याला ती दचकत नसे. त्या आवाजातच ती जन्मली होती.

अशा मुलीने देशभर फिरायच्या यात्रेत नाव दिलंच कसं? त्याचीही गंमत आहे. वर्गात बाईंनी विचारलं, "दिल्लीच्या एका संस्थेची तरुणांची यात्रा आहे. चोवीस दिवस. कोण जाणार?" नेमकं तेव्हाच बाहेर कुणाच्या तरी सायकलचा टायर फुटला. जयश्री दचकली आणि तिचा हात वर गेला. तो खाली येईपर्यंत बाईंनी नाव लिहून टाकलं होतं.

पण गणपती बसले त्याच दिवशी निवडीचं पत्र आलं आणि गंमत संपली. अख्ख्या कॉलेजातून ती एकटीच निवडली गेली होती. दोन ऑक्टोबरला दिल्लीत हजर व्हायचं होतं. तिथून राजस्थानची वाळू, मग मनालीचा बर्फ, मग केरळचा पाऊस. पत्राच्या वरच्या बाजूला सुबक अक्षरांत छापलं होतं, 'सारा देश, एक घर.' जयश्रीने ते पत्र इतक्या वेळा उघडलं की घडीवर फाटलं. तिने जन्मात साक्रीपुढच्या आपल्या गावापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात तिच्यासाठी स्थळं पाहायची असं घरात ठरलेलं होतं. म्हणजे जायचं तर याच वर्षी, नाहीतर कायमचं राहिलं. हात चुकून वर गेला होता हे खरं, पण आता तो खाली घ्यायची तिची तयारी नव्हती. भीती मात्र होतीच, ती कुठे जाते!

पत्रात दोनच अटी होत्या. प्रत्येक हवामानाला योग्य कपडे आणावेत. आणि सामान एकच असावं, ज्याचं त्याला उचलता येईल इतकं.

पहिल्या अटीवर अख्खी चाळ तुटून पडली. दुसरी कुणी नीट वाचलीच नाही.

सुरतेत थंडी ती काय? जानेवारीत चार दिवस मफलर गुंडाळून लोक फुशारकी मारतात. त्यामुळे बर्फाबद्दल ज्याला त्याला मत होतं. बद्रीनाथला जाऊन आलेल्या शेजारणीने माकडटोपी दिली. कुणी कापूर दिला, कुणी लवंगा. उखाचा मात्र फक्त आपल्या कापडावर भरवसा. त्याने कारखान्यातून जाड चकचकीत पॉलिस्टरचा तुकडा आणला.

"हे बघ, डबल धाग्याचं. दिल्लीवाल्यांना पण कळू दे सुरतचं कापड काय असतं. याचा कोट शिवू."

जयश्रीने हात लावून पाहिला. वडिलांना ती दादा म्हणायची. "दादा, हे तर गार लागतंय."

"अगं, हाताला गार लागतं. अंगाला नाही."

मी त्या कोटाबरोबर बरेच दिवस राहिले आहे, म्हणून खरं सांगते. उखाने आयुष्यभर असं कापड विणलं की जे उन्हात तापतं आणि थंडीत गारठतं. पण त्याला ते कोण सांगणार? पुष्पाबाईने सांगितलं नाही. तिने गुपचूप आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली आणि कोटाला आतून अस्तर म्हणून लावली. वरून उखाचं पॉलिस्टर, आतून पुष्पाबाईची गोधडी. असा तो कोट झाला. घडी केली की माझं अर्धं पोट भरायचं.

जयश्रीने सामानाचे तीन गठ्ठे केले. मागावरून निघणाऱ्या किनारीच्या पट्ट्या घरात पोत्याने होत्या, त्यांनीच बांधले. लाल पट्टीचा गठ्ठा वाळवंटाचा : पांढरे सुती कपडे, गॉगल, साखर-मिठाच्या पुड्या. निळ्या पट्टीचा बर्फाचा : कोट, माकडटोपी, लोकरीचे मोजे. हिरव्या पट्टीचा पावसाचा : रेनकोट आणि प्लास्टिकच्या चपला. रोजचे साधे कपडे अगदी शेवटी ठेवायचे, निघायच्या आदल्या दिवशी धुऊन. रोज दुपारी ती मला उघडायची, सगळं बाहेर काढायची, वहीत खूण करायची आणि पुन्हा भरायची.

"कितीदा भरशी वं?" पुष्पाबाई धागे कापता कापता म्हणायची. "बॅग बी कटाळनी."

कंटाळले नव्हते हो. मला ते आवडायचं.

एकदा तिने मला उचलून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचा सराव केला. निम्म्या वाटेत माझ्यावरच बसली आणि धापा टाकू लागली. सामान कमी करावं असं तिला वाटलं नाही. घरी येऊन तिने आणखी एक स्वेटर ठेवला. घाबरट माणसांचं असंच असतं. ती वजन वाढवून धीर धरतात.

राहिलं होतं फक्त नाव टाकणं. चाळीत दत्तूमामा राहायचे, मार्केटात साड्यांच्या पार्सलांवर मार्का टाकायचं त्यांचं काम. पत्र्यात कोरलेली अक्षरं ठेवायची आणि वरून काळ्या रंगाचा कुंचला फिरवायचा. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन आले. 'सुरत' हा साचा त्यांच्याकडे तयार होता, वीतभर अक्षरांचा. नावासाठी मात्र छोटी अक्षरं जुळवावी लागली. त्यामुळे माझ्यावर 'जयश्री उखा' एवढंसं आणि 'सुरत' एवढं मोठं उमटलं. एक बाजू झाल्यावर त्यांनी मला उलटं केलं.

"मामा, एका बाजूला पुरे."

"असं कसं? पार्सल कसंही पडो, नाव वर दिसलं पाहिजे. हमालाला उलटंपालटं करून बघायला वेळ नसतो."

"ते पार्सल नाही मामा, बॅग आहे."

"पोरी, एकदा गाडीत टाकलं की सगळं पार्सलच. आणि हा रंग जाणार नाही हां. दर्या ओलांडला तरी जाणार नाही."

दोन्ही बाजूंनी काळंभोर 'सुरत' मिरवत मी वाळत बसले. इतकी ऐट मला पुन्हा कधी आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जयश्री दचकून उठली. शांततेने. भिंतीपलीकडचे माग बंद पडले होते. असं तिच्या जन्मात झालं नव्हतं. सुट्टी असो, संप असो, कुठला ना कुठला माग चालूच असायचा. ती दारात आली तर गल्लीतले लोक तोंडाला रुमाल बांधून गाठोडी आवळत होते. 'प्लेग,' कुणीतरी म्हणालं. कुणी म्हणे दहा गेले, कुणी म्हणे शंभर. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि जसजसं कळेनासं होत गेलं तसतशी घाई वाढत गेली.

उखा शेडमधून धावत आला. "निघा! कडोदऱ्यावरून ट्रक मिळेल."

"पण कपडे?" पुष्पाबाई म्हणाली. "सगळे दोरीवर ओले शेतस."

"ही भरलेली आहे ना? हीच उचला!"

हीच म्हणजे मी. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. एवढ्या गोंधळात मला वाटलं, निघाली एकदाची यात्रा!

टाकीपर्यंतसुद्धा मला न नेऊ शकलेल्या जयश्रीने मला डोक्यावर घेतलं आणि गर्दीतून रस्त्यापर्यंत आणलं. कसं, ते तिला विचारलंत तरी सांगता येणार नाही. कडोदऱ्याला एका ट्रकमध्ये माणसांच्या पायांत मला कोंबलं. वर ताडपत्री होती. माझीच एखादी बहीण असणार. ती वाऱ्यावर फडफडत होती, मी खाली ज्वारीच्या पापडांच्या, बिबड्यांच्या डब्याखाली दबलेले. बोलणं झालं नाही.

दुपार कलता कलता गावाच्या शिवेवर उतरलो. उखाचा मोठा भाऊ शालिग्राम तिथे राहायचा. पण त्याच्या घरापर्यंत पोचायच्या आतच वडाच्या पारावरून दगाआबा उठून उभे राहिले. गावातला वडीलधारा माणूस, काठी आडवी धरलेली.

"कोठून उनात रे उखा?"

उखाने आयुष्यात कधी थाप मारली नसावी, कारण त्याला मारता आली नाही. "नवापूर... नवापूरकडून, आबा. पाव्हण्यांकडे गेलो होतो."

जयश्रीने पटकन मला फिरवलं, अक्षरांची बाजू आपल्या पायांकडे केली. बिचारी. दत्तूमामांची शिस्त विसरली. पार्सल कसंही पडो, नाव वर दिसलं पाहिजे!

दगाआबांनी काठीचं टोक माझ्यावर टेकवलं आणि एकेक अक्षर वाचलं. "सु... र... त. मंग हाई काय लिखेल शे रे? नवापूर?"

पारावरची माणसं दहा पावलं मागे सरली. तोवर शालिग्राम आला, तोही लांबच थांबला. भावाकडे पाहायचं की गावाकडे, हे त्याला कळेना. शेवटी ठरलं की तिघांनी गावाबाहेरच्या खळ्यात आठ दिवस राहायचं, भाकरी तिथे पोचेल. आणि दगाआबा म्हणाले, "ती बॅग जाळी टाका. तठली हवा भरेल शे तिन्हामा."

मी? मला जाळायचं? माझी चेन थरथरली, एवढंच मी करू शकत होते. उखाने मान खाली घातली. भांडायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

आणि जयश्री माझ्यावर येऊन बसली. तीच जयश्री, कुकरला दचकणारी. कॉलेजात जाऊन मोठ्या मेहनतीने शुद्ध केलेली तिची भाषा कुठल्या कुठे पळाली.

"जाळतस का? मंग माले बी जाळा. मन्हं दिल्लीले जावाचं शे हिले लिसन!"

दिल्लीला! त्या क्षणीही तिच्या डोक्यात दोन ऑक्टोबर होता. दगाआबा काठी खांद्यावर टाकून म्हणाले, "बठ मंग तिन्हावर." आणि गेले.

खळ्यात एक पत्र्याचं छप्पर होतं, तीन बाजूंनी उघडं. पहिल्या संध्याकाळी पुष्पाबाईने मला उघडलं आणि डोक्याला हात लावला. जयश्रीचे वाळवंटाचे पांढरे कपडे सोडले तर तिघांना मिळून एक साधा कपडा नव्हता. कोट होता, गॉगल होता, माकडटोपी होती. "एक साधा लुगडाना तुकडा नही," ती म्हणाली, आणि हसावं की रडावं तिला कळेना.

पण गंमत बघा. दुसऱ्या दिवशी ऊन असं तापलं की पत्र्याखाली बसवेना. लाल पट्टीचा गठ्ठा सुटला. उखा माग चालवणारा माणूस, तो गॉगल लावून खळ्याच्या मेढीला टेकून बसला. लांबून बघणाऱ्या पोरांना वाटलं, सुरतहून कुणी सिनेमावाला आला. तिसऱ्या दिवशी जाता जाता परतीच्या पावसाने झोडपलं. हिरवा गठ्ठा सुटला. आणि पहाटे ओल्या वाऱ्याने दात वाजू लागले तेव्हा निळा. कोट पुष्पाबाईच्या अंगावर, टोपी उखाच्या डोक्यावर, मोजे जयश्रीच्या हातांत. राजस्थान, केरळ, मनाली, सगळं त्या एका खळ्यात हजर झालं. दिल्लीच्या संस्थेला ही यात्रा पुष्कळ स्वस्तात करता आली असती.

एका हवामानाची तयारी मात्र कुणी केली नव्हती. शालिग्रामची बायको रोज भाकऱ्या आणायची, चाळीस पावलांवरच्या दगडावर ठेवायची आणि न बोलता मागे फिरायची. त्या गारठ्यासाठी माझ्यात काही नव्हतं.

आरोग्य केंद्राची नर्सबाई आली. तिने कॅप्सूल दिल्या, तिघांच्या बगला चाचपल्या आणि म्हणाली, "काही झालेलं नाही तुम्हाला." जयश्रीने तिच्याच हाती साक्रीहून दिल्लीला तार पाठवली. 'मी निरोगी आहे. दोन तारखेला येते.'

मग वाट पाहणं. ती रोज मला उघडायची, सगळं झटकून वाळवून पुन्हा तीन गठ्ठे करायची. लाल, निळा, हिरवा.

सहाव्या दिवशी शालिग्रामची बायको पावसात चिंब भिजून आली. डोक्यावरची टोपली तिने दगडावर ठेवली. जयश्री रेनकोट घेऊन निघाली आणि वीस पावलांवर थांबली. तिने तो जमिनीवर ठेवला आणि मागे आली. मोठी आई, म्हणजे जयश्रीची ही थोरली काकू, पुढे झाली, रेनकोट उचलला, अंगात घातला.

"हाई त मन्हा मापनाच शे," ती म्हणाली. पाच दिवसांत तिने उच्चारलेले ते पहिले शब्द. मग टोपलीतून एक कागद काढून म्हणाली, "तार उनी शे तुन्ही."

जयश्रीने तार वाचली. एकदा, दोनदा. पुष्पाबाईने विचारलं, "काय लिखेल शे?"

"सुरतच्या मुलांनी येऊ नये म्हणतात. घरीच राहा म्हणतात." ती खाली बसली, माझ्यावरच. मला वाटलं आता रडेल. रडलीही, थोडी. आणि मग काय झालं कोण जाणे, रडता रडता हसू लागली. "आई, दिल्लीचे लोक मला घाबरले!"

पुष्पाबाई तोंडात बोट घालून म्हणाली, "तुले? तू त पालले घाबरस वं!"

दोन ऑक्टोबर खळ्यातच उजाडला आणि मावळला. त्या दिवशी तिने मला उघडलं नाही.

पुढे सगळं निवळलं. माग सुरू झाले, आम्ही परतलो, दोरीवरचे कपडे वाळून फळीसारखे झाले होते. उन्हाळा आला. स्थळं पाहायचं ठरलेलं होतं ना? एकही आलं नाही. सुरतची मुलगी म्हटलं की लोक पोह्यांनासुद्धा यायला तयार नसत. पुष्पाबाई काळजीने वाळली. आणि सप्टेंबरात दिल्लीचं पत्र आलं. गेल्या वर्षी राहिलेल्यांना या वर्षी प्रथम संधी. वर तेच सुबक छापलेलं, 'सारा देश, एक घर.' जी जायची संधी लग्नाने गेली असती, ती लग्न न जमल्याने राहिली. लोकांच्या भीतीने तिची एक यात्रा बुडवली आणि भीतीनेच दुसरी जमवून दिली. हिशेब कुणाला विचारायचा?

मी माळ्यावर अंग ताठ करून तयार होते. पण तिने मला खाली काढलंच नाही. कडोदऱ्याच्या त्याच शिवणाऱ्याकडून खांद्याला लावायची एक लहान पिशवी शिवून आणली. तीन जोड कपडे, एक स्वेटर, संपलं. कोट पिशवीत मावेना, म्हणून भर ऑक्टोबरात अंगात घालून निघाली, घामाने निथळत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण टाकीपर्यंतची ती धाप माझ्याही लक्षात होती.

निघायच्या आधी दत्तूमामा डबा घेऊन आले. पुष्पाबाई आडवी आली. "औंदा गावनं नाव नको. लोके काय म्हनतीन."

मामांचा कुंचला हवेतच थांबला. "बरोबर आहे. नुसतं नाव टाकतो."

जयश्रीने 'सुरत'चा साचा स्वतः उचलला आणि पिशवीवर धरला. "टाका मामा. आणि दोन्ही बाजूंनी. पार्सल कसंही पडो."

ती चोवीस दिवसांनी परत आली. मनालीच्या वर बर्फ होता आणि तो अगदी बर्फाच्या कारखान्यात असतो तसाच होता, असं तिने आईला सांगितलं. उखाचं पॉलिस्टर गारठलं आणि ऊब दिली ती आतल्या गोधडीने, हे तिने उखाला सांगितलं नाही. तो कोट ठेवायला ती माळ्यावर चढली. माझी चेन उघडायला हात घातला, आणि अशी किंचाळली की खाली पुष्पाबाईच्या हातातली कात्री पडली. माझ्या मुठीवर पाल होती.

बर्फ, वाळू, समुद्र सगळं पाहून आलेली मुलगी, शिडीवर डोळे मिटून उभी! मीही दचकले होते, पण पालीला नव्हे, किंकाळीला. मग तिने एक डोळा उघडला, पालीला बराच वेळ 'हूश हूश' केलं, ती हलेना. शेवटी दुसऱ्या बाजूने हात घालून तिने चेन उघडली आणि कोट आत ठेवला.

तो अजून माझ्यात आहे. त्याच्या खिशात देवदाराचं एक वाळकं फळ राहिलंय, म्हणजे मनालीला मीही थोडीशी गेलेच. पाल इथेच असते, आमचं बरं चाललंय. जयश्री पुढे नांदायला गेली तीसुद्धा त्या पिशवीसकट.

आता तुम्ही पिंप काढायला आलाच आहात, तर एक करा. मला टाकायची झाली तर टाका, गोधड्या ठेवायच्या तर ठेवा. फक्त रॉकेलचा बोळा घेऊन अक्षरं पुसायला जाऊ नका. उखाने एकदा करून पाहिलंय, जात नाहीत. दत्तूमामा शब्दाचे पक्के होते. आणि उतरताना जरा जपून, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाल आहे.